कापूस वेचणाऱ्यांच्या घरात सुती चादर हवी

हदगाव तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी पांढरी व्हायला लागते आणि आपल्या वस्त्यांतल्या बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला निघतात. मजुरी किलोवर. दिवसभर वाकायचे, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडून घ्यायची आणि संध्याकाळी काट्यावर माप द्यायचे. तो कापूस जिनिंगला जातो, सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात, पुढे सूतगिरणी. एवढा प्रवास करून तो आपल्या घरी परत येतो का? फार थोडा येतो. वस्तीतल्या बाजेवर, पलंगावर, जमिनीवरच्या गादीवर पाहावे तर चकचकीत, मोठ्या फुलांची, हाताला गुळगुळीत लागणारी पॉलिस्टरची चादर. घरात एखादी चांगली सुती चादर असलीच तर ती पेटीत असते. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, सोयरिकीला पाहुणे आले की ती बाहेर निघते, दोन दिवस अंथरली जाते आणि घडी होऊन पुन्हा पेटीत जाते.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. जी चादर वर्षातल्या साडेतीनशे रात्री अंगाखाली असते ती चांगली हवी. पाहुण्यांना दोन रात्री साधी चालेल. शोभेचा एक मोठा सेट घेण्यापेक्षा घरातल्या प्रत्येक अंथरुणासाठी साध्या विणीच्या दोन सुती चादरी घ्याव्यात, दर आठवड्याला बदलाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. हा थाटामाटाचा विषय नाही. कष्टकऱ्याची झोप, लेकरांची त्वचा आणि आजारी माणसाची पाठ यांचा विषय आहे, म्हणून तो आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

अंगाखाली काय आहे?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. अशा खोलीत माणसाला घाम येतो आणि तो घाम सुकला तरच अंग थंड होते. कापसाचा धागा साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे सुती चादर घाम ओढून घेते आणि हळूहळू हवेत सोडते. पॉलिस्टरवर तोच घाम पाठ आणि चादर यांच्यामध्ये साचून राहतो. लेकरांच्या पाठीवर घामोळ्या उठतात, मोठ्यांच्या जांघेत, काखेत ओल राहते, आणि ओल राहिली की गजकर्णाला आयते घर मिळते. दिवसभर ऊस तोडलेला, विटा उचललेला माणूस रात्रभर कूस बदलत राहतो आणि सकाळी थकलेलाच उठतो.

पॉलिस्टर घेणाऱ्या घराला आम्ही नावे ठेवत नाही. ती स्वस्त पडते, तिला इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, आणि पावसाळ्यात एका खोलीच्या घरात ती लवकर वाळते. ही सोय लहान नाही. पावसाळ्यापुरती तशी एखादी चादर जवळ असू द्या. मात्र उन्हाळ्यात, तान्ह्या बाळाखाली आणि आजारी माणसाखाली सुतीच हवी, यात आम्हाला तडजोड दिसत नाही.

कापड आणि आपण

कापडाशी आपले नाते आजचे नाही. नांदेड हे कापसाचे आणि कापडाचे गाव. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल इथलीच. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात आलेले ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आजही आठवते. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेडमध्ये राष्ट्रध्वज तयार होतात. इतके सगळे आपल्या आजूबाजूला असताना आपल्या अंथरुणावर कापूस नसावा, हे आम्हाला खटकते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातल्या पोरांना माहीत असायला हवी. मुंबईच्या कापडगिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातले सूत संपले की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना विटाळाचा वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला आणि विणकाम खात्याची दारे आपल्या कामगारांना उघडी करण्याची मागणी केली. ज्या समाजाला मागावर हात लावू दिला नाही त्याने कापडाची वीण ओळखायला शिकावे, दुकानदारासमोर चार प्रश्न विचारावेत, हेही आम्हाला त्याच वाटेवरचे एक पाऊल वाटते.

चादर निवडताना

पहिली गोष्ट वीण. साध्या विणीत एक धागा वरून, एक खालून असा जातो. बारीक सुताची, दाट, साध्या विणीची सुती चादर म्हणजे मोठ्या दुकानात ‘परकेल’ नावाने मिळते ती. ती हाताला करकरीत लागते, हवा खेळू देते, अंगाला चिकटत नाही. दुसरी सॅटीन विणीची. तिच्यात एक धागा तीन-चार धाग्यांवरून उडी मारून जातो, म्हणून ती चमकते आणि मऊ लागते. पण ती थोडी उबदार असते, आणि वर मोकळे राहिलेले धागे जोडव्यात, बांगडीत, बाजेच्या खिळ्यात अडकून निघतात. आपल्या हवेला आणि आपल्या वापराला साधी वीण बरी.

दुसरी गोष्ट धाग्यांची संख्या. पाकिटावर ‘थ्रेड काउंट’ म्हणून आकडा असतो. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे बसले, त्याची ती मोजणी. साध्या विणीच्या चादरीला १८० ते ३०० पुरे झाले. ८००, १००० असे आकडे पाहून भुलू नका. पीळ दिलेल्या एका धाग्यातले दोन-तीन पदर वेगवेगळे मोजून असे आकडे फुगवले जातात. त्या आकड्याचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट नाव. ‘ग्लेस कॉटन’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ चादरी पॉलिस्टरच्याच असतात. नावात कॉटन आहे म्हणून कापडात कापूस असतोच असे नाही. पाकिटावर ‘१०० टक्के कॉटन’ लिहिले आहे का ते घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. बाजारातल्या ढिगाऱ्यावर पाकीट नसते, तिथे हातानेच पारख करावी लागते.

कोपरा मुठीत घट्ट दाबून धरा आणि सोडा. सुती कापडाला ठळक सुरकुत्या पडतात, पॉलिस्टर लगेच सरळ होते. चादर दोन्ही हातांनी एकमेकीवर चोळा. पांढरी भुकटी झडली तर विरळ कापडात खळ भरून ते दाट दाखवले आहे. पहिल्या धुण्यात ती खळ जाईल आणि हातात जाळी राहील. चादर उजेडासमोर धरा. मधे मधे विरळ पट्टे, गाठी, सुटलेले धागे दिसले तर घेऊ नका. ओल्या पांढऱ्या रुमालाने रंग घासून पाहा. घरी आणल्यावर शंका राहिलीच तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळते, प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि काळा टणक मणी बनतो. ही परीक्षा मोठ्यांनी करायची, लेकरांनी नाही. तो टणक मणी लक्षात ठेवा. चुलीशेजारी झोपायची जागा असेल तर चादर कोणतीही असो, ती विस्तवापासून दूर हवी. सुती चादरही पेटते. पॉलिस्टर त्यापुढे जाऊन वितळते आणि कातडीला चिकटते.

माप आधी घरी घ्या. एका माणसाच्या अंथरुणाला ६० बाय ९० इंच आणि दोघांच्या पलंगाला ९० बाय १०० इंच हे बाजारातले नेहमीचे माप. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून अगदी नेमकी घेऊ नका. गादीच्या चारही बाजूंनी खाली खोचता येईल एवढी हवी. शक्यतो एकेकट्या चादरी घ्या. मोठी चादर ओली झाली की इतकी जड होते की एकट्या बाईने पिळणे म्हणजे कमरेला त्रास.

पैसे कमी असतील तर मांजरपाट हा जुना आणि चांगला मार्ग आहे. कापडाच्या दुकानात तो मीटरवर मिळतो. दिसायला पिवळसर, थोडा जाडाभरडा, पण निव्वळ सुती आणि दरवेळी धुतला की पांढरा, मऊ होत जातो. आधी भिजवून, आटवून मग कडा शिवाव्यात. पन्ना मोठा मिळाला तर जोड लागत नाही. लागलाच तर मधोमध न देता कडेला द्यावा, म्हणजे पाठीखाली शिवण येत नाही. सोलापुरी चादरीचे नाव मोठे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण ती जाड आणि पांघरायची. उन्हाळ्यात अंगाखाली घ्यायची ती नव्हे.

धुणे, वाळवणे, घडी

नवी चादर तशीच अंथरू नका. रात्रभर साध्या गार पाण्यात भिजवा आणि सकाळी धुवा. गिरणीत लावलेली खळ आणि रसायने निघून जातात. नाजूक कातडीला त्यांनी खाज येऊ शकते. पाण्यात मीठ घातले की रंग पक्का होतो, ही समजूत आहे. मिठाचा उपयोग कापड रंगवताना होतो. रंगवून झालेल्या चादरीवर घरी मीठ टाकून विशेष काही साधत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, तेवढे पुरे.

बोअरचे पाणी जड असले की साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट मळ धाग्यांत बसतो. चादर मळकट आणि खरखरीत होत जाते. मग आपण आणखी पावडर ओततो आणि ती नीट निघत नाही म्हणून अंगाला खाज सुटते. त्याऐवजी बादलीभर पाण्यात आधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा आणि मग साबण वापरा. हा खायचा सोडा नव्हे, तो वेगळा. शेवटी स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. सोड्याचा अंश चादरीत राहता कामा नये.

दगडावर थापीने बडवल्याने मळ निघतो तसा धागाही तुटतो. अर्धा तास भिजवून हाताने चोळणे बरे. रक्ताचा डाग लगेच गार पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. पाळीत चादरीला डाग लागला म्हणून घरातल्या मुलीने तो लपवून ठेवावा, अंधारात धुवावा, असे कुणाच्याही घरी होऊ नये. डाग हा फक्त डाग असतो, गार पाण्याने जातो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने तो फिका पडतो. पांढऱ्या चादरीला ब्लीचिंग पावडर क्वचित आणि कमीच वापरा, ती धागा खाते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

चादर किंचित ओलसर असताना दोघांनी चार कोपरे धरून जोरात झटकावी, ताणावी आणि मग दोरीवर टाकावी. चांगल्या विणीच्या कापडाचा करकरीतपणा एवढ्यानेच येतो. पांढरी चादर पूर्ण उन्हात, रंगीत चादर उलटी करून. भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ हौस म्हणून कधी द्यायला हरकत नाही. पण खळीने कापडाची छिद्रे भरतात, घाम कमी शोषला जातो. म्हणून बाळाच्या आणि आजाऱ्याच्या चादरीला खळ नको. खळ दिलेली चादर पेटीत ठेवली तर झुरळे आणि कसर तिकडे धावतात. ठेवायची चादर बिनखळीची, खडखडीत वाळलेली असावी.

वर्षावासाचे तीन महिने अवघड. दोऱ्या घरातच बांधाव्या लागतात. तेव्हा सगळ्या चादरी एका दिवशी न धुता एकेक धुवा. अर्धवट ओली चादर घडी करू नका. तिला कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. ऊन पडले की हातातले काम ठेवून गादी, उशी, वाकळ बाहेर काढा. भिक्खूने आपले अंथरूण बाहेर काढून उन्हात घालावे, झटकावे, साफ करून जागेवर ठेवावे, असे विनयपिटकात सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या वस्तीलाही लागू पडते.

आजारपणातली चादर

खरूज झाली की लोक कुजबुजतात, ‘घाणेरडी माणसं.’ हे साफ चूक आहे. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. तो अंगाला अंग लागून पसरतो, म्हणून एका खोलीत सहा-सात माणसे निजतात तिथे तो लवकर फिरतो. लाज जागेच्या टंचाईची वाटायला हवी, आजारी लेकराची नव्हे. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेला बारीक पुरळ, आणि घरात आणखी कुणाला तेच, अशी लक्षणे असली तर सरकारी दवाखान्यात जा. मलम घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावायचे, खाज नसलेल्यांनीही. आणि त्याच दिवशी सगळ्या चादरी, अभ्रे, पांघरुणे, अंगावरचे कपडे धुवायचे. इथेच बहुतेक घरे चुकतात. मलम आज, चादरी पुढच्या आठवड्यात, आणि खरूज पुन्हा हजर. ५० अंशांवरच्या उष्णतेत हा किडा दहा मिनिटांत मरतो, म्हणून हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवा. जाड वाकळ धुणे शक्य नसेल तर ती मोठ्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. खरूज खाजवून पिकली तर पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून ‘होईल बरी’ म्हणून सोडू नका.

गजकर्ण झालेल्या माणसाची चादर आणि टॉवेल वेगळा ठेवा. मेडिकलवरून मनाने आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने तो दबतो आणि नंतर दुप्पट पसरतो. ढेकूण चादरीत कमी आणि बाजेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत जास्त असतात. नुसती चादर धुऊन ते जात नाहीत. सांध्यांत उकळते पाणी ओता, गादी कडक उन्हात टाका. पण पऱ्हाटीवर मारायचे औषध बाजेवर मारू नका. अंथरूण म्हणजे आठ तास नाक लावून झोपायची जागा.

याच कारणाने फवारणीचे सांगतो. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. आपली माणसेही तेच काम करतात. फवारणीहून आलेल्या माणसाने थकला असला तरी त्याच कपड्यांनी अंथरुणावर पडू नये. आधी साबण लावून आंघोळ, मग जेवण, मग अंथरूण. ते कपडे चादरींबरोबर आणि लेकरांच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवू नयेत. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर झोपवून ठेवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

म्हातारी माय किंवा बाप अंथरुणाला खिळले असतील तर चादर हेच अर्धे औषध. सुरकुती, भाकरीचा चुरा, लघवीची ओल यांनी पाठीला, माकडहाडाला, टाचेला जखमा पडतात आणि त्या भरता भरत नाहीत. साध्या विणीची सुती चादर चारही बाजूंनी ताणून खोचा. कमरेखाली मेणकापड आणि त्यावर जुनी चादर दुमडून आडवी टाका, म्हणजे ओली झाली की तेवढीच बदलता येते. दर दोन तासांनी कूस बदला. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने धुतले आणि उचलून पलंगावर निजवले, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. ती घरात करण्यासाठीच आहे.

चादर कोण धुणार?

आठवड्याला चादर बदला असे लिहिणे सोपे आहे. मजुरी करून आलेल्या, पाणी भरणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायला हा लेख नाही. चादर ज्याच्या अंगाखाली असते त्याने ती धुवावी, असा नियम घराघरात व्हावा. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःची चादर धुता यायला हवी आणि नवऱ्याला पिळायला हात लावता यायला हवा. समतेची भाषा मोरीपर्यंत पोचली पाहिजे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. प्यायलाच पाणी नसेल तेव्हा चादर कुठून धुणार? तेव्हा निदान रोज सकाळी चादर झटका, दुपारच्या कडक उन्हात दोन-तीन तास दोन्ही बाजूंनी तापवा आणि पाणी मिळेल तेव्हा आधी बाळाची, आजाऱ्याची चादर धुवा. पण हा तात्पुरता उपाय आहे. वस्तीत पाणी किती दिवसांआड येते, नळ किती घरांना, गटार उघडे का, हे प्रश्न खरजेच्या मलमाइतकेच आरोग्याचे आहेत. नगर परिषदेत, ग्रामसभेत ते लेखी अर्जाने मांडले पाहिजेत आणि अर्जाची पोच घेतली पाहिजे. स्वच्छतेचा उपदेश ऐकायला आपण तयार आहोत, पण उपदेशाच्या आधी पाणी यायला हवे.

जुनी चादर

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजा विचारात पडला, एवढ्या वस्त्रांचे हा काय करणार? आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे जुनी झाली त्यांना देईन. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी होतील, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडायची फडकी, आणि फडकी कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपता येईल. राजाचे समाधान झाले.

आपल्या आज्या वेगळे काही करत नव्हत्या. विरलेली सुती चादर मधून फाटते, कडा शाबूत राहतात. ती मधोमध कापून कडा मध्ये आणून शिवली की आणखी वर्षभर चालते. पुढे तिचे अभ्रे, बाळाचे लंगोट, वाकळेतला थर, शेवटी फरशी पुसायचे फडके. पॉलिस्टरच्या चादरीला हा पुढचा जन्म नाही. ती पाणी शोषत नाही, त्यामुळे लंगोटालाही चालत नाही आणि फडक्यालाही नाही. स्वस्त कोणती, हा हिशेब करताना हेही धरावे.

या हंगामात वेचणीचे पैसे हातात आले की घराच्या यादीत दोन साध्या सुती चादरी लिहा. तोवर पेटीतली चांगली चादर आज काढा, उन्हात टाका आणि रात्री अंथरा. घरात जो सर्वांत जास्त राबतो किंवा सर्वांत जास्त आजारी आहे, त्याच्या अंथरुणावर आधी.